चर्चा: पाळीचा त्रास नको म्हणून दिव्यांग मुलीची गर्भपिशवी काढावी का?

गेवराईची आई
लेक तेरा वर्षांची. बौद्धिक दिव्यांग, प्रमाणपत्रावर ७५ टक्के. औंदा न्हाती झाली. हातानं जेवते, गाणी म्हणते, पण पाळीत पॅड काढून फेकते, कधी तशीच अंगणात येते. तेव्हापासून सासूबाई, नणंद, शेजारच्या काकू, सगळ्यांचं एकच पालुपद, "पिशवी काढून टाक, सुटशील." मी म्हणते, लेकराला दुखणं काहीच नाही, मग ऑपरेशन कशाचं? इथं अशा लेकरांचे आईबाप असतील तर मोकळं बोला.

माजलगावकर
ताई, राग मानू नका, पण सासूबाई चुकीचं काय बोलायल्या? माझी पुतणी अशीच आहे. भाऊ-भावजय दिवाळी झाली की कोयत्यावर, ऊसतोडीला जातात, पोरगी आजीपाशी. आजीचे गुडघे गेलेले. उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. त्या चार दिवसांची धुणी कुणी करायची? आणि खरी भीती तर वेगळीच. उद्या कुणी काही केलं तर?

लातूरची सिस्टर
मी तुमच्या शेवटच्या वाक्यावरच बोलते. पिशवी काढल्यानं कुणाचा हात थांबत नाही. फक्त दिवस जात नाहीत, म्हणजे झालेलं उघडकीला येत नाही. करणाऱ्याला मोकळं रान! त्यात पोरीला सांगताही येत नाही. अठराच्या आतल्या लेकरांसाठी लैंगिक अत्याचाराविरुद्ध पॉक्सो कायदा आहे, पण घरात कुणाला कळलं तर तक्रार होणार ना?

आणि बीडच्या माणसानं तरी हा सल्ला देऊ नये. २०१९ साली शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पाहणी झालेल्या बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यातल्या किती सुटल्या ते आपल्या भावजयीच्या टोळीतल्या बायकांना विचारा. अंडाशय ठेवले तरी ते लवकर थकू शकतात, मग हाडं ठिसूळ होतात. इथं तर वय तेरा.

कोर्टाच्या पायरीवरून
दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६, कलम १०. मूल होण्याची क्षमता जाईल असा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या पिशव्या पुण्यात ससूनला काढल्या, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. कारण तेच दिलं होतं, स्वच्छता.

माजलगावकर
वकीलसाहेब, पुतणीला संमती हा शब्द कळत नाही. मग हा कायदा तिच्यासाठी की तुमच्यासाठी?

कोर्टाच्या पायरीवरून
जिला "नको" म्हणता येत नाही, तिच्यासाठीच आहे.

परभणीची सुनीची माय
कायदा राहू द्या बाजूला. माझी सुनी आता वीसची आहे, तीही पॅड फेकायची. पुष्कळ दिवसांनी ध्यानात आलं, तिला तो प्लॅस्टिकचा चिकटपणाच सहन होत नव्हता. जुन्या सुती लुगड्याच्या घड्या दिल्या, फेकणं थांबलं. चड्डीला आतून पेनानं घडीच्या मापाची चौकट काढून दिली, घडी त्या रेघेत बसवायची. आधी बाहुलीला घालायला शिकवलं. पाळीच्या तारखेला कालनिर्णयवर लाल टिकली चिकटवायची, ते काम तिचंच. अजूनही घडी धुताना अर्धी बादली सांडते, पण धुते तीच. आमच्या घरात बाजूला बसवणं मात्र मी बंद केलं. एकीकडं तिला शिकवायचं आणि दुसरीकडं "शिवू नको" म्हणायचं, लेकरानं समजायचं काय?

माजलगावकर
तुमची सुनी चालती-बोलती आहे, चांगलंच झालं. पुतणीला ९० टक्के आहे, पडून असते. तिला बाहुली दाखवून काय होणार?

लातूरची सिस्टर
तिचं वेगळं, मान्य. पण तिथंही आधी स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. गोळ्या-इंजेक्शनांनी रक्तस्राव कमी करता येतो, काही वेळा पाळी थांबवताही येते, आणि ते बंद केलं की शरीर पुन्हा पहिल्यासारखं चालू शकतं. पिशवीतच आजार निघाला तर ऑपरेशनचा विचार डॉक्टर करतील, आजीच्या गुडघ्यांसाठी नाही. तिचे कपडे कोण धुणार, हा प्रश्न माणसाचा आहे, पिशवीचा नाही.

माजलगावकर
तेच तर विचारायलो. माणूस कुठून आणू? ऊसतोड्यांच्या लेकरांसाठीच्या हंगामी वसतिगृहात विचारलं, तर "अशी पोरगी सांभाळायला बाई नाही" म्हणाले. सगळे शहाणपण सांगायलेत, पण दिवाळीपासून पाडव्यापर्यंत आजीपाशी कोण थांबणार, ते कुणी सांगेना.

गेवराईची आई
दादा, हा प्रश्न खरा आहे, त्याला माझ्याकडं तोंडी उत्तर नाही. पण ग्रामपंचायतीला उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. तुमच्या गावात ते कशावर गेले, तेवढं ग्रामसेवकाकडून लेखी घ्या. मदतनीस बाईसाठी पंचायत समितीला अर्ज मी लिहून देते, माझ्या लेकीचा आणि पुतणीचा एकदमच. कोयत्यावर जायच्या आधी भावजयीची सही तेवढी आणा.

सुनीच्या माय, ती चौकट पेनानं काढली तर धुण्यात जात नाही का? का दोऱ्यानंच टीप मारू?