डोमेनचं लॉक उघडायचा हक्क कोणाचा?

मुक्ता_प: वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा पत्ता, परस्पर दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे) जाऊ नये म्हणून त्यावर लॉक असतं. त्यावरून काल इथे एकाने लिहिलं, ‘लॉक काढायचा अधिकार मालकाला देऊच नये, रजिस्ट्रारला पटलं तरच त्याने काढावं. लोकांना त्यातलं काही कळत नाही.’ वाचून संताप आला. पैसे मी भरते, नोंदणी माझ्या नावावर, आणि परवानगी दुसऱ्याची? माझ्या दुकानाचं डॉट कॉम दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायचं होतं. माझ्या खात्याच्या पॅनेलमध्ये लॉकचं बटणच नाही. फोन केला तर म्हणाले, ‘आधी पुढच्या वर्षाचं रिन्यूअल भरा.’ डॉट कॉमसारख्या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेचा नियम स्पष्ट आहे: बटण दिलं नसेल तर मागणीनंतर पाच दिवसांत लॉक काढून द्यायचं, आणि पुढच्या मुदतीचे पैसे भरले नाहीत म्हणून ट्रान्स्फर अडवायचं नाही. शेवटी मी पैसे भरले, कारण सीझन तोंडावर होता.

जुना_अ‍ॅडमिन: ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेणार नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये नियम आला, जुन्या रजिस्ट्रारने पाच दिवसांत हरकत घेतली नाही तर ट्रान्स्फर पुढे सरकणार. जानेवारी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचं डोमेन शनिवार-रविवार साधून परस्पर ऑस्ट्रेलियातल्या रजिस्ट्रारकडे गेलं. ग्राहकांची मेल भलतीकडे, आणि तिकडचं ऑफिस सुट्टीमुळे बंद. लॉक हवं ते असल्याच धसक्यासाठी. ओटीपी कोणालाही सांगणाऱ्यांच्या हातात ते बटण द्यायचं?

मुक्ता_प: पॅनिक्समध्ये मालकाने काय चूक केली होती? विनंती खरी की खोटी हे नव्या रजिस्ट्रारच्या बाजूने नीट तपासलंच नाही. १९९५ मध्ये सेक्स डॉट कॉम एका बनावट पत्रावर दुसऱ्याच्या नावे करून दिलं तेही नेटवर्क सोल्युशन्स या रजिस्ट्रारने. मूळ मालकाला वर्षानुवर्षं कोर्टात झगडावं लागलं, तेव्हा २००३ मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टाने डोमेन ही मालमत्ता मानली. मालमत्ता माझी, तर लॉकही माझंच.

नाशिककर: तुम्ही रजिस्ट्रारवर भांडताय, इथे निम्म्या लोकांचं डोमेन त्यांच्या नावावरच नाही. आमच्या संस्थेचं डोमेन वेबसाइटवाल्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मेलवर घेतलं. काम दुसऱ्याला दिलं तर फोन उचलेना. सातबाऱ्यावर नाव त्याचं, मग लॉक कोणाकडे मागायचं?

वेबकाम: सरसकट आम्हाला चोर ठरवू नका. क्लायंट वर्षानुवर्षं हजार रुपये थकवतात. रिन्यूअलची मेल उघडत नाहीत, डोमेन गेलं की रात्री फोन करून ओरडतात. म्हणून आम्ही आमच्या खात्यात ठेवतो.

नाशिककर: खात्यात ठेवा, पण नोंदणीत मालक म्हणून आमचं नाव का नाही? बिल थकलं तर साइट बंद करा. डोमेन अडकवून ठेवणं ही खंडणी आहे.

वेबकाम: शब्द जपून वापरा. तुमच्या संस्थेत तीन वर्षांत तीन सचिव बदलले असतील. नोंदणीला मेल कोणाचा देऊ? जुना सचिव पासवर्ड घेऊन गेला की मग माझ्याकडेच येता.

मुक्ता_प: मग संस्थेचा मेल द्या, माणसाचा नको. एवढं साधं काम आहे.

जुना_अ‍ॅडमिन: नाशिककरांचं दुखणं खरं आहे, मान्य. पण लॉकबद्दल माझं मत तेच. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियन हॅकरांनी रजिस्ट्रारच्या एका रिसेलरचा (विक्रेत्याचा) लॉगिन मिळवून न्यूयॉर्क टाइम्सचं डोमेन वळवलं. ट्विटरचं मुख्य डोमेन वाचलं, कारण त्यावर रजिस्ट्री लॉक होतं, म्हणजे रजिस्ट्रारच्याही वर, डॉट कॉमची मुख्य नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडचं लॉक. नुसत्या लॉगिनने ते निघत नाही.

मुक्ता_प: ते ट्विटरने स्वतः मागून घेतलं होतं! मालकाने मागितलं, मालकाच्या सांगण्यावरून निघतं. हेच मी पहिल्यापासून म्हणतेय.

जुना_अ‍ॅडमिन: ठीक आहे. मालक मागेल तर काढावं, अडवणूक नको. पण पॅनेलमधल्या एका क्लिकवर नाही, फोनवर ओळख पटवूनच. याच्या पुढे मी येणार नाही.

वेबकाम: नाशिककर, तुमचं डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग असेल तर एक सांगतो. नोंदणीत मालकाचं नाव बदललं की ६० दिवस ट्रान्स्फर अडतं, २०१६ पासून. काही रजिस्ट्रार सूट देतात, पण ती बदलाच्या आधीच मागावी लागते. हातातलं डोमेन नवीन कंपनीकडेही न्यायचं असेल तर दोन्ही गोष्टी कोणत्या क्रमाने करायच्या हे आधी विचारा. डॉट इनला आयकॅनचे हे नियम लागू नाहीत, ते निक्सी या भारतीय संस्थेकडे येतं.

नाशिककर: डॉट ऑर्ग आहे. ट्रान्स्फरला लागणारा ऑथ कोड अजून त्या वेबसाइटवाल्याकडेच आहे.