स्टीलची फ्रेम घ्यायची ठरली, पण कुठली?

मी: सगळ्यांना विचारतोय, पण उत्तराची अपेक्षा मामाकडून. ग्रॅव्हल सायकल बांधायचीय. रोज ऑफिस, रविवारी कच्चे रस्ते, वर्षातून एकदा सामान लादून लांबचा पल्ला. स्टील नक्की. बजेट तोकडं. दोन फ्रेमवर येऊन अडकलोय. 'अ'वर रेनॉल्ड्स ७२५ चं स्टिकर आहे, 'ब'वर नुसतं ४१३० क्रोमोली. 'अ' महाग, पण काय दिसते!

काका: स्टील जड नाही का? आता तर सगळे कार्बनचं बोलतात.

मामा: जड आहेच. क्रोमोलीची फ्रेम दोन-सव्वादोन किलो, वर पुढचं चाक धरणारा स्टीलचा फोर्क किलोभर. पण हा लॅपटॉप, कुलूप आणि दोन बाटल्या घेऊन फिरणार. त्यात फ्रेमचा जादा किलो शोधावा लागेल.

ताई: आणि मालकाचं पोट धरलं तर शोधूनही सापडणार नाही 😄

मी: ताई, तू नको.

मामा: आधी स्टिकरचं बघू. ४१३० म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं पोलाद. ७२५ त्याच घराण्यातलं, फक्त तापवून आणखी मजबूत केलेलं. मजबूत म्हणून नळी पातळ करता येते आणि वजन उतरतं. पण ताठपणा सगळ्या पोलादांचा जवळपास सारखाच. "७२५ फार जिवंत वाटतं" म्हणणाऱ्याच्या टायरमध्ये हवा किती होती ते आधी विचारावं. 'ब'च्या नळ्या डबल बटेड आहेत का?

काका: ते काय असतं?

मामा: जोडाच्या टोकांना भिंत जाड, मध्ये पातळ. जिथे ताण जास्त तिथेच धातू. नुसतं 'हाय-टेन', म्हणजे स्वस्तातलं साधं पोलाद, लिहिलेलं असतं तर मी इथेच थांबवलं असतं, ते फार वजनदार होतं.

मी: 'ब' डबल बटेड आहे. 'अ' चारशे ग्रॅम हलकी.

मामा: मग नळ्यांचा विषय संपला. आता टायर किती रुंद बसतो, मागच्या हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) रुंदी, चेनस्टे (पॅडलच्या कण्यापासून मागच्या चाकापर्यंतची नळी) आणि फोर्क, एवढंच टाक.

मी: अ: टायर ७०० × ३८, हब १२ × १४२ थ्रू ॲक्सल (आरपार आट्यांनी बसणारा जाड दांडा), चेनस्टे ४२५, कार्बन फोर्क.
ब: टायर ७०० × ४५, हब क्विक रिलीज (खटका फिरवून चाक सुटतं ते) १३५, चेनस्टे ४४०, स्टीलचा फोर्क, त्याच्या दोन्ही पायांवर सामान बांधायला तीन-तीन भोकं. बीबी (पॅडलचा कणा फिरतो तो भाग) दोन्हींना आट्यांचा, ६८ मिमी.

आई: मडगार्ड लागणार आहे का? पावसात पाठीवर चिखलाची रेघ घेऊन येतोस, धुते मी.

मामा: लाख बोललीस! मडगार्ड लावला की टायरची जागा कमी होते. ४५ बसणाऱ्या फ्रेममध्ये मग ४० च्या आसपास धरायचं. ३८ वाल्या 'अ'मध्ये ३२-३५ वर येशील, आणि खडीवर ते दातांपर्यंत कळतं. तेही मडगार्डला भोकं असली तर. आहेत का?

मी: … 'अ'ला नाहीत. कॅरिअरचीही नाहीत.

ताई: मग सामान डोक्यावर घेणार होतास?

मामा: चेनस्टेपण बघ. ४२५ वर मागे बॅगा लावल्या की प्रत्येक पॅडलला टाच घासते. पंधरा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण दिवसभर चालवताना तेवढ्यावरून जीव जातो. 'अ' वाईट नाही. ती पळायला केलीय, तुला लादायला हवी.

मी: पण १३५ क्विक रिलीज जुनं झालं ना? सगळे थ्रू ॲक्सल घे म्हणतात.

मामा: बरोबर म्हणतात. डिस्क ब्रेकला थ्रू ॲक्सल चांगला. चाक दरवेळी नेमकं तिथेच बसतं, रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, घासत नाही. पुढे नवी चाकं घेताना १३५ मध्ये निवड कमी मिळेल, हा 'ब'चा खरा तोटा. पण तुझी ती २९ इंची माउंटन बाइक, जी तीन वर्षं भिंतीला टेकून उभी आहे, तिला डिस्क आहेत ना?

मी: हो. नऊ गिअरची.

मामा: २९ इंची आणि ७०० सी, रिमचा व्यास एकच, ६२२ मिमी. हब १३५ निघाला तर चाकं, कॅसेट (मागची दातेरी चक्रं), रोटर सगळं 'ब'वर जातं. खर्चात फ्रेमखालोखाल चाकंच बसतात.

काका: म्हणजे नवी सायकल जुन्या चाकांवर? 😂

मामा: टायर मात्र नवे घे, तिथे हात आखडू नकोस. आणि वाकडं हँडल नंतर. त्याचे गिअर-ब्रेक एकत्र असलेले लिव्हर बजेट खातात. सध्या सरळ हँडल आणि जुनेच गिअर लाव, हँडल धरणारा स्टेम थोडा लांब लागेल. पुढे बदललंस तर शिमानोचे नऊ गिअरचे रोड लिव्हर चेन सरकवणाऱ्या मागच्या जुन्या डिरेल्युअरला चालतात. ब्रेकचं तसं नाही. रोड लिव्हर तार कमी ओढतो, तेव्हा कॅलिपर (चकती दाबणारे चिमटे) रोडचेच घ्यावे लागतील.

आजोबा: गंजाचं कोणी बोललंच नाही. आतून गंजते. बाहेरून चकाचक.

मामा: खरंय आप्पा. बांधायच्या आधी नळ्यांत जवसाचं तेल सोडून, फ्रेम फिरवून वाळवायची. बीबीखालचं पाणी जायचं भोक उघडं ठेवायचं. आणि सीटपोस्टला ग्रीस. ॲल्युमिनियमचा पोस्ट स्टीलमध्ये कोरडा ठेवला तर असा धरतो की शेवटी कापून काढावा लागतो. माझा कापलाय.

मी: साइज 'एम' घेऊ ना?

मामा: अक्षरावर जाऊ नकोस, दर कंपनीचा 'एम' वेगळा. तुला सोयीच्या सायकलचा स्टॅक आणि रीच (पॅडलच्या कण्यापासून फ्रेमच्या पुढच्या वरच्या टोकाची उंची आणि आडवं अंतर) मोज, मग 'ब'च्या तक्त्याशी जुळव. आणि आधी खाली जाऊन तो हब मोज. आसावरच्या दोन्ही बाजूंच्या चेकनटांच्या बाहेरच्या कडा, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ताई: गेला वाटतं.

आई: चपला न घालता गेलाय.

मी: मोजलं. १३५! 🎉

आजोबा: पुन्हा मोज.

मी: पुन्हा मोजलं आप्पा. १३५ च.

काका: मग त्या जुनीचा सांगाडा मला दे, नाहीतरी उभाच आहे.

आई: दोन सायकली झाल्या तर एक तुमच्याकडेच ठेवायची, भावोजी.