समुद्रगाय की समुद्रहत्ती?

प्रश्न : डुगाँग या समुद्रातल्या सस्तन प्राण्याला आपण ‘समुद्रगाय’ म्हणतो, पण तो तर हत्तीच्या नात्यातला. मग ‘समुद्रहत्ती’ जास्त बरोबर नाही का?

उत्तर : नातं खरं आहे. दोघांचा समाईक पूर्वज साधारण 6 कोटी वर्षांपूर्वीचा, पण खुणा अजून दिसतात. डुगाँगच्या मादीचे स्तन वल्ह्यांसारख्या पुढच्या पायांच्या बगलेत असतात, हत्तिणीचेही पुढच्या पायांमध्ये. गाईसारखी मागे कास दोघींनाही नाही. डुगाँगच्या नराला वयात आल्यावर सुळे फुटतात. त्याचा भाऊबंद मॅनाटी, त्याच्या दाढा हत्तीसारख्याच मागून पुढे सरकत येतात. गाय रवंथ करते, डुगाँग करत नाही. समुद्रात गाईचं नातलग शोधायचं तर ते देवमाशात सापडेल!

तरीही ‘समुद्रहत्ती’ नको. ‘हत्ती’ हा शब्द ‘हस्तिन्’वरून आला, म्हणजे हात असलेला, आणि तो हात म्हणजे सोंड. डुगाँगला सोंडच नाही. त्याला आहे खाली वळलेला जाड ओठ, तळाचं समुद्री गवत मुळासकट उपटायला. शिवाय नाकाडावर सोंडेसारखा फुगवटा असलेला मोठा सील वेगळाच आहे. ‘समुद्रहत्ती’ म्हटलं की तोच डोळ्यांपुढे येईल.

आपले असे शब्द वंश सांगत नाहीत, दिसणं-वागणं सांगतात. पाणघोडा घोडा नव्हे, पाणमांजर मांजर नव्हे, देवमासा तर मासाच नव्हे. डुगाँग दिवसभर संथपणे चरतो, म्हणून गाय. तमिळमध्येही तो ‘कडल् पसु’, म्हणजे समुद्रातली गायच. भारत आणि श्रीलंकेमधल्या पाल्कच्या आखातातली गवताची कुरणं हे त्याचं घर. तिथे 2022 मध्ये तमिळनाडूने 448 चौ. किमी. क्षेत्र त्याच्यासाठी राखून ठेवलं. ‘चरणं’ टिकलं तर प्राणी टिकेल, आणि ते चरणं या नावात आहे. मला ते फार मोलाचं वाटतं. हत्तीशी असलेलं नातं कोशातल्या अर्थात द्यावं, शब्दात कोंबू नये.

प्रश्न : मग नराला काय म्हणायचं? समुद्रबैल?

उत्तर : नको. घार, पाल, मुंगी ही नावं स्त्रीलिंगी असूनही अख्ख्या जातीला चालतात, पण ‘गाय’ म्हटलं की मादीच डोळ्यांपुढे येते, त्यामुळे ‘नर समुद्रगाय’ कानाला खटकतं. तिथे मलय भाषेतून आलेला ‘डुगाँग’ पुल्लिंगी वापरावा : ‘डुगाँगचा नर’, ‘डुगाँगची मादी’. कळपाबद्दल लिहिताना मात्र ‘समुद्रगाई’ म्हणायला काहीच हरकत नाही.