लाल पट्टा म्हणजे हलकी जमीन, असं नाही

काही जण म्हणतात की ड्रोनच्या एनडीव्हीआय नकाशात (पिकाचा हिरवेपणा दाखवणारा नकाशा) लाल दिसलं की तिथली जमीन हलकी, म्हणजे कमी खोलीची. अर्धंच पटलं, कारण तो नकाशा मातीचा नाही, उभ्या पिकाचा असतो; पीक कमजोर असेल तिथे लाल दिसतं. आमच्या सोयाबीनमध्ये दोन लाल पट्टे आले, एकात कुदळ मारली तर वीतभर खाली मुरूम, दुसऱ्यात माती काळीभोर नि झाडांना चक्रीभुंगा (खोड पोखरणारी कीड)! मग मे महिन्यात वखरून रान मोकळं असताना परत ड्रोन उडवला, तेव्हा मुरमाचा पट्टा फिकट उठून दिसला नि भुंग्याचा गायब. फक्त वळवाचा पाऊस पडून गेल्यावर लगेच उडवू नका, ओली माती सगळीकडे काळीच दिसते, आणि कॅमेऱ्याला वरचा पापुद्राच दिसतो, खोली बघायला कुदळच लागते.