‘सेन्शुअर’ला मराठीत काय म्हणावे : निंदा, ठपका की आणखी काही?

अनुवादिका : अमेरिकेचे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्यावरील एका लेखाचा अनुवाद करताना अडले आहे. त्यांच्या वर्तनाबद्दलचा ठराव सिनेटने २ डिसेंबर १९५४ रोजी ६७ विरुद्ध २२ मतांनी संमत केला. मागणी ‘सेन्शुअर’ची, म्हणजे सभागृहाने ठराव करून औपचारिक नापसंती नोंदवण्याची होती, परंतु संमत झालेल्या मजकुरात तो शब्द न येता ‘कन्डेम्न’ हे क्रियापद आले आणि मॅकार्थींच्या पाठीराख्यांनी ‘म्हणजे सेन्शुअर झालेच नाही’ असा पवित्रा घेतला. दोन्हींसाठी ‘निंदा’ लिहिले, तर हा सगळा वाद वाचकाला कळणारच नाही.

शुद्धिपत्र : ‘निंदाव्यंजक ठराव’ हा रूढ शब्द असताना नवा शोधण्याचे कारण दिसत नाही. ‘कन्डेम्न’साठी ‘धिक्कार’ घ्यावा. हिंदीतला ‘निंदा प्रस्ताव’ मात्र कृपया मराठीत आणू नये.

निवृत्त अव्वल कारकून : रूढ कोणासाठी? आमच्या कार्यालयात ‘सेन्शुअर’ला एकच शब्द होता, तो म्हणजे ‘ठपका’. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांतील किरकोळ शिक्षांमध्ये ‘ठपका ठेवणे’ ही पहिलीच शिक्षा आहे. पगार कापला जात नाही, खुर्ची जात नाही. पण नोंद राहते आणि बढतीच्या वेळी नेमकी तीच वर येते. अमेरिकेतही सेन्शुअर झालेल्या सदस्याची जागा व मत कायम राहते आणि मागे उरते ती फक्त नोंद. हा शब्द ‘ठप्पा’वरून आला असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे.

शुद्धिपत्र : ‘ठप्पा’ची व्युत्पत्ती कानाला गोड वाटते, एवढाच तिचा आधार. शिवाय ठपका वरिष्ठ कनिष्ठावर ठेवतो. सभागृहात सारे सदस्य समान असतात. सरकारी टिपणीतला शब्द सिनेटच्या तोंडी घालणे मला तरी पटत नाही.

न्यूजर्सीकर : येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. अमेरिकेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात, सेन्शुअर झालेल्या सदस्याला सभापतींच्या आसनासमोरील मोकळ्या जागेत उभे राहावे लागते आणि सभापती ठराव त्याच्यासमोर वाचून दाखवतात. डिसेंबर २०१० मध्ये चार्ल्स रँगल यांच्याविरुद्धचा ठराव ३३३ विरुद्ध ७९ मतांनी संमत झाला, तेव्हा चाळीस वर्षे सभागृहात काढलेला हा ज्येष्ठ सदस्य असाच उभा होता. त्याआधी शिक्षा ‘रेप्रिमांड’ या सौम्य ताकिदीवर आणण्याची दुरुस्ती फेटाळली गेली होती. त्या खालच्या पायरीत असे उभे राहावे लागत नाही. आता सांगा, मराठीत निंदा होते ती माणसाच्या पाठीमागे. तोंडावर होते ती कानउघाडणी. मग येथे ‘निंदा’ कशी चालेल?

शुद्धिपत्र : ‘कानउघाडणी ठराव’ छापून आला, तर वाचक हसतील. मूळ लॅटिन पाहिले, तर रोमचा ‘सेन्सॉर’ हा नागरिकांची गणती करणारा आणि त्यांच्या आचरणावर नजर ठेवणारा अधिकारी होता. मूल्यमापन हा अर्थ त्यात आहेच. त्या दृष्टीने ‘दोषनिर्देश’ अधिक नेमका ठरेल.

वऱ्हाडी : ‘दोषनिर्देश’ कोणी उच्चारणार नाही, तो कोशात सुखाने राहील. आपल्याकडे शब्द घडला नाही, कारण आपली सभागृहे सदस्याला ठपका देऊन थांबत नाहीत, थेट निलंबित करतात. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्र विधानसभेने बारा आमदारांना वर्षभरासाठी बाहेर ठेवले आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अधिवेशनाच्या मुदतीपलीकडचे निलंबन टिकणार नाही, असे ठरवले. ‘निलंबन’ मात्र पानटपरीवरही कळते.

शुद्धिपत्र : लोकसभेतही निंदाव्यंजक प्रस्ताव असतोच की! तो एकट्या मंत्र्याविरुद्धही आणता येतो आणि त्यात कारणे द्यावी लागतात. अविश्वासाच्या प्रस्तावात कारणे लागत नाहीत, पण तो संपूर्ण मंत्रिमंडळाविरुद्ध असतो.

न्यूजर्सीकर : तो मंत्र्याविरुद्ध, सदस्याविरुद्ध नव्हे, येथेच गल्लत होते आहे. अर्थात अमेरिकी सिनेटने १८३४ मध्ये खुद्द अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनाही सेन्शुअर केले होते. पुढे बहुमत फिरले आणि जानेवारी १८३७ मध्ये सिनेटच्या सचिवांनी हस्तलिखित इतिवृत्तातील त्या ठरावाभोवती काळ्या रेघा ओढून, सिनेटच्या आदेशाने तो काढून टाकल्याचे त्यावर लिहिले.

अनुवादिका : माझ्या लेखात जॅक्सन यांचाही उल्लेख आहे. तेथे ‘कामकाजातून काढून टाकला’ असे लिहावे काय? आणि ‘कन्डेम्न’चे अजून ठरलेले नाही.

निवृत्त अव्वल कारकून : ‘काढून टाकला’ म्हटले, तर मजकूर नाहीसा झाला असे वाटते. सेवापुस्तकात आम्ही चुकीच्या नोंदीवर एकच रेघ मारून शेजारी सही करत असू, खालचे अक्षर वाचता आलेच पाहिजे असा दंडक होता. त्याला आम्ही ‘खोडणे’ म्हणत असू.

शुद्धिपत्र : सिनेटने अध्यक्षांविरुद्धचा ठराव ‘खोडला’? ‘निरस्त केला’ असे लिहावे.

वऱ्हाडी : ‘निरस्त’ हिंदीतून आलेला चालतो आणि ‘निंदा प्रस्ताव’ तेवढा चालत नाही, हे कसे?