कार बूट सेलमधले लष्करी कापडी बिल्ले : खरे की नकली?

लेस्टरचा_पाऊस
गेल्या रविवारी एका कार बूट सेलमध्ये (लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात तो बाजार) बिस्किटांच्या डब्यात पाच कापडी बिल्ले मिळाले, 25 पौंडांना. विकणाऱ्या आजी एवढंच म्हणाल्या, "नवऱ्याचे होते."
काळ्या कापडावर लाल गरुड, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली चौथी भारतीय डिव्हिजन. लाल ढालीवर खाली टोक केलेली तलवार आणि मुठीपाशी रोमन चौदा, म्हणजे ब्रह्मदेशात लढलेली जनरल स्लिमची चौदावी आर्मी. दोन पेगॅससचे, म्हणजे ब्रिटिश छत्रीधारी सैन्याचे, मरून कापडावर फिकट निळा पंखांचा घोडा. पाचवा जरीचा, बिगूल आणि खाली इंग्रजीत 'मराठा लाइट इन्फंट्री'. आमचे आजोबा साताऱ्याचे, त्यामुळे जीव त्या पाचव्यातच अडकलाय. खरे असतील का? किंमत किती?

फुकट_सल्लागार
ईबेवर बघा ना. असाच गरुड 90 पौंडांना लावलाय एकाने.

उलटी_शिवण
लावलाय म्हणजे विकला गेला असं नाही. मी पण माझा जुना टीव्ही लाखाला लावू शकतो. 'विकलेल्या वस्तू' ही खूण करून शोधा, खरा भाव तिथे दिसतो.

मी इचलकरंजीचा, 30 वर्षं भरतकामाच्या मशीनवर काढली. लष्करातलं मला नंतर कळलं, धागा आधी. म्हणून पहिलं सांगणं : बिल्ला पालथा करा. पुढून सगळेच देखणे असतात. मागे पांढरं, कागदासारखं न विणलेलं अस्तर चिकटलेलं असेल आणि कड गोल ओव्हरलॉक केलेली असेल, तर तो आपल्यासारख्यांच्या हल्लीच्या मशीनवरचा. जुन्याच्या पाठीला सुटे धागे लोंबतात, कड नुसती कापलेली असते. जवान ती आत दुमडून स्वतःच शिवायचा.

पेगॅसस कदाचित भरलेले नसून छापलेले असतील. म्हणून नकली समजू नका! युद्धात काटकसर म्हणून ब्रिटनमध्ये बिल्ले सुती कापडावर छापत, बरेचसे मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनने छापले. गंमत अशी की पॉलिएस्टरचा शोध 1941 साली याच कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला, पण तो धागा बाजारात यायला युद्ध संपावं लागलं. म्हणून मागचा एखादा सुटा धागा (धागाच, बिल्ला नव्हे) जाळून बघा. वितळून कडक मणी झाला तर बिल्ला बहुतेक नंतरचा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, लोकरीला जळक्या केसांचा.

नोटा तपासायचा जांभळा दिवाही लोक वापरतात. झळाळला की नकली, म्हणतात. अर्धवट खरं. ती झळाळी युद्धानंतर आलेल्या रसायनांची, पण ती साबणाच्या पावडरीतही असतात. आजींनी डबा आवरताना धुऊन काढला असेल तर अस्सल बिल्लाही चमकेल. मी याच दिव्याच्या नादात एक अस्सल बिल्ला मातीमोल विकून बसलोय. घेणारा मात्र हसत हसत गेला.

चौदाव्या आर्मीच्या मागे टिचबटणं किंवा दोऱ्याचे फास आहेत का बघा. भारतात बनवलेले बरेच बिल्ले साध्या खादीवर असत आणि शर्ट धोब्याकडे जाताना काढता यावेत म्हणून अशी सोय असे. ओबडधोबड दिसतात, पण मला सगळ्यात आवडतात तेच.

आता पाचवा. वाईट वाटेल, पण स्पेलिंग नीट वाचा. युद्धकाळात रेजिमेंटचं नाव 'माहराट्टा' असं लिहीत : एच हा आर च्या आधी, आणि टी दोन. इटलीत यशवंत घाडगे (1944) आणि नामदेव जाधव (1945) यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं ते याच स्पेलिंगखाली. तुमच्याकडे आजचं स्पेलिंग असेल तर तो स्वातंत्र्यानंतरचा, बहुतेक ब्लेझरवर लावायचा. लढाईत जरी कोण घालतंय?

लेस्टरचा_पाऊस
पालथे केले. पेगॅसस छापलेलेच. चौदाव्याला दोन टिचबटणं, एक गंजलेलं. गरुडाच्या कडेला खाकी धाग्याचे तुटके टाके अडकलेत, ते कापून टाकू का? आणि हो, पाचव्यात टी एकच आहे.

उलटी_शिवण
कात्री ठेवा खाली! ते टाके म्हणजे बिल्ला कधीतरी बाहीवर होता, घेणारा त्याचेच दोन पैसे जास्त देतो. धुऊ नका, इस्त्री नको. आम्लविरहित कागदात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. गरुड लोकरीवर असेल तर कसर आधी त्यालाच लागेल. आणि पुढच्या रविवारी आजींना नवऱ्याचं नाव आणि पलटण विचारून या. ते कळलं तर किमतीचं बोलू.

लेस्टरचा_पाऊस
जातो. पाचवा मात्र विकायचा नाही, एक टी असला तरी.