टँकर, सीईटी आणि शिंदेकाकांचा बंपर

(ग्रुप: मोगरा सोसायटी, फक्त कामाचे. शनिवार रात्र.)

सेक्रेटरी (ए-१०१), ८.१२: उद्या सकाळी ७ ते ९ पाणी येणार नाही. टँकर सांगितला आहे. तरी बादल्या भरून ठेवाव्यात.

ऋतुजाची आई (बी-३०२), ८.१९: ग्रुप कामाचा आहे, कळतंय मला. पण विचारतेच. आमच्या ऋतुजाला बारावीनंतर लॉ करायचंय. सायन्सला आहे. जानेवारी उजाडला आणि बाईसाहेब काल जेवताना सांगतायत, "मला इंजिनिअरिंग नको." परीक्षा कोणती, सायन्सवाल्यांना चालते का, क्लास लावायचा का, काही म्हणजे काही कळत नाहीये. कोणाला माहिती असेल तर सांगा प्लीज.

ऋतुजा, ८.२०: आई ग्रुपवर कशाला 🙏

सेक्रेटरी: वहिनी, या ग्रुपवर फक्त सोसायटीविषयक मेसेज टाकायचं ठरलं होतं. गुड मॉर्निंगसुद्धा बंद केलेत आपण.

पाटीलकाकू (ए-२०४): असू द्या हो. पोरगी सोसायटीचीच आहे ना? पाणी उद्या जाणार आहे, आज बोलू द्या.

मुक्ता (ए-५०१): काकू, मी सांगते. मी पाच वर्षांच्या लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मीपण सायन्सचीच. कोणतीही शाखा चालते. बारावीला ४५ टक्के हवेत, आरक्षणात त्याहून थोडे कमी चालतात. आता मुख्य गोंधळ. परीक्षा एक नाही, वेगवेगळ्या आहेत. आपली महाराष्ट्राची एमएच-सीईटी लॉ, ती राज्याचा सीईटी सेल घेतो. पुण्याचं आयएलएस, मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय, आपल्याकडची बहुतेक कॉलेजं तिच्यावर. आणि क्लॅट, ती राष्ट्रीय विधी विद्यापीठांची. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली तीन विद्यापीठं क्लॅटवर. दिल्लीच्या विद्यापीठाची आणखी तिसरीच, आयलेट.

ऋतुजाची आई: अगं बाई. मग क्लॅट कधी?

मुक्ता: ती डिसेंबरमध्ये झाली काकू.

ऋतुजाची आई: झाली??

मुक्ता: हो. आता तिचं विसरा. ऋतुजाने सीईटीच मनावर घ्यावी. बोर्डाची परीक्षा उरकल्यावर वेळ मिळतो. क्लॅट हवीच असेल तर एक वर्ष थांबावं लागेल, आणि त्यासाठी वर्ष घालवावं असं मला नाही वाटत. माझ्या वर्गात दोघी आहेत वर्ष घालवलेल्या. शेवटी बाक एकच.

जोशी वकील (बी-१०३): मुक्ताने बरोबर सांगितले. मी आयएलएसचा १९७४ चा. तेव्हा परीक्षा वगैरे काही नव्हते, फॉर्म भरला की वर्गात. ते कॉलेज १९२४ चे आहे आणि मुंबईचे १८५५ चे. बाबासाहेब तिथे आधी शिकवीत आणि १९३५ मध्ये प्राचार्य झाले. राष्ट्रीय विद्यापीठे कालची. पण हल्ली सगळ्यांना तिथेच जायचे असते.

मुक्ता: काका, कॅम्पस प्लेसमेंट 😊

ऋतुजाची आई: गणित असतं का हो? तिचा खरा राग गणितावर आहे, म्हणून तर हे सगळं.

मुक्ता: असतं. पण १२० पैकी ८ प्रश्न. शेकडेवारी, सरासरी, काळ-काम-वेग, दहावीच्या आतबाहेरचं. कायद्याचे ३२, तर्काचे ३२, सामान्य ज्ञान २४, इंग्रजी २४. दोन तासांत १२०, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. कॉम्प्युटरवर असते. चुकीला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्यांवर काहीतरी टिचकी मारून यायचं. क्लॅटला मात्र चुकीला पाव मार्क जातो, तिथे ही युक्ती चालत नाही.

ऋतुजाची आई: १२०? तिच्या बाबांनी कालच अप्पा बळवंत चौकातून गाईड आणलंय अर्ध्या किमतीत, त्यात तर १५० लिहिलंय.

मुक्ता: जुनं आहे काकू. २०२५ पासून १२० झाले. पहिल्या पानावर छपाईचं वर्ष बघा. आणि आत कायद्याच्या भागात "भारतीय दंड संहिता" दिसते का ते सांगा.

ऋतुजाचे बाबा (बी-३०२): दिसते. जाड अक्षरात. कलम ३०२ खून, ४२० फसवणूक. बरोबर आहे की!

जोशी वकील: होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. खून आता १०३, फसवणूक ३१८. ५११ कलमांची ३५८ झाली. पन्नास वर्षे तोंडात बसलेले ३०२ काढताना मलाच जीभ चावावी लागते. गाईड परत करा. तो घेत नसेल तर रद्दीत घाला, पण पोरीच्या हाती देऊ नका.

ऋतुजाचे बाबा: पावती नाही दिली त्याने.

पाटीलकाकू: अर्ध्या किमतीत पावती कोण देतं भाऊजी.

कदम (ए-३०३), ८.५१: मुक्ता, एक विचारू का. हसू नका कोणी. माझं वय ४३. बी.कॉम. २००४. आता लॉ करता येतं का?

शिंदे (बी-२०१): कदमसाहेब 😂 बँकेचं काय?

कदम: म्हटलं ना हसू नका म्हणून.

जोशी वकील: यात हसण्यासारखे काय आहे? वयाची वरची अट नाही. पदवी आणि ४५ टक्के असले की तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसता येते. माझ्या वर्गात एक निवृत्त तहसीलदार होते. परीक्षेत आम्ही त्यांच्या मागे बसायला भांडायचो.

मुक्ता: कदमदादा, तीन वर्षांची सीईटी वेगळी असते. त्यात गणित नाही, इंग्रजी जास्त, ४० प्रश्न. सामान्य ज्ञान ३२. बँकेत रोज पत्रं लिहिता, इंग्रजी तुम्हाला सोपं जाईल. पण हजेरीचं बघा. बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांच्या परिषदेचा, नियम ७० टक्क्यांचा आहे. घरबसल्या, पत्रद्वारे लॉ होत नाही. कोणी "कॉलेजला यायची गरज नाही, आम्ही सांभाळून घेतो" म्हणालं तर तिथून निघायचं.

कदम: सकाळचं कॉलेज बघतोय. मग वकिलीची सनद?

जोशी वकील: पूर्णवेळ नोकरी चालू ठेवून सनद घेता येत नाही. पदवी घ्या, ज्ञान घ्या, निवृत्तीनंतर काळा कोट. नोकरी सोडलीत तर आधी सनदीसाठी नाव नोंदवायचे आणि बार कौन्सिलची परीक्षा द्यायची. आणि न्यायाधीश व्हायचे डोक्यात असेल तर आधी तीन वर्षे वकिली लागते, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे सांगितले आहे. हे ऋतुजानेही कानावर घालून घ्यावे. हल्ली सगळ्यांना कॉलेजातून थेट न्यायाधीश व्हायचे असते.

कदम: काका, मला फक्त बिल्डरची नोटीस वाचून कळली तरी पुरे.

सेक्रेटरी: बिल्डरचा विषय इथे नको.

ऋतुजाची आई: मुक्ता, कायद्याचे ३२ म्हणालीस. बारावीच्या मुलीला कायदा कुठून येणार? कलमं पाठ करायची?

मुक्ता: हाच प्रश्न मला सगळे विचारतात, आणि इथेच मार्क जातात. थोडं पाठांतर लागतं, खोटं कशाला बोलू. मूलभूत हक्क, कलम १४, १९, २१, ३२, केशवानंद भारती खटला १९७३, असं. पण बरेच प्रश्न असे असतात की आधी एक तत्त्व देतात, मग एक घटना. तत्त्व लावायचं आणि उत्तर द्यायचं. स्वतःचा न्याय करायचा नाही. थांबा, एक टाकते. सगळ्यांनी सोडवा.

मुक्ता, ९.०८:
तत्त्व: नोकराने नोकरीतलं काम करताना केलेल्या चुकीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर मालकही जबाबदार असतो. नोकरीतल्या कामाबाहेरच्या गोष्टीला मालक जबाबदार नसतो.
घटना: एका सोसायटीने गेटवर राखणीसाठी वॉचमन नेमला. एका सभासदाने घाईघाईत गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली, "जरा आत लावून ठेव." गाडी लावताना वॉचमनने शेजारच्या गाडीला घासलं. त्या गाडीच्या मालकाने सोसायटीकडे भरपाई मागितली.
अ) द्यावी लागेल, वॉचमन सोसायटीचा पगारी नोकर आहे.
ब) द्यावी लागेल, घटना सोसायटीच्या आवारात घडली.
क) द्यावी लागणार नाही, गाडी लावणं हे त्याचं काम नव्हतं.
ड) द्यावी लागणार नाही, वॉचमनला गाडी नीट येत नव्हती.

शिंदे: अ. अ. अ. यात विचारायचं काय?

पाटीलकाकू: ब. आवारात झालं ना.

शिंदे: आणि मुक्ता, ही "एक सोसायटी" कोणती ते मला चांगलं माहितीये. माझा बंपर अजून तसाच आहे. ये बघायला.

मुक्ता: काका, परीक्षेतली सोसायटी आहे हो 🙏

ऋतुजाचे बाबा: अ वाटतंय. पगार सोसायटी देते म्हणजे मालक सोसायटी.

कदम: मी ड म्हणणार होतो. आता गप्प बसतो.

सेक्रेटरी: क. निःसंशय क.

मुक्ता: सेक्रेटरीकाका बरोबर! उत्तर क. वॉचमन नोकर आहे हे खरं, घटना आवारात घडली हेही खरं. पण तत्त्व फक्त एवढंच विचारतं, की तो तेव्हा त्याचं काम करत होता का? काम राखणीचं. गाडी लावणं त्यात नाही. आवाराबद्दल तर तत्त्वात चकार शब्द नाही, तो ब फक्त फसवायला ठेवलेला. ड मध्ये निकाल बरोबर आहे पण कारण चूक. हा सगळ्यात वाईट सापळा. शिंदेकाकांची हळहळ खरी आहे, पण हळहळीला मार्क नसतात.

शिंदे: हा कुठला न्याय?

जोशी वकील: सर्वोच्च न्यायालयाचा. स्टेट बँक विरुद्ध श्यामादेवी, १९७८. बाईंनी ओळखीतल्या बँक कर्मचाऱ्याकडे खात्यात भरायला पैसे दिले, त्याने ते गिळले. न्यायालय म्हणाले, तुम्ही त्याला ओळखीतला माणूस म्हणून पैसे दिलेत, बँकेच्या कामाच्या ओघात नाही. बँक सुटली.

कदम: म्हणूनच आम्ही काउंटरवर या म्हणतो.

सेक्रेटरी: मुक्ता, हा प्रश्न उत्तरासकट ग्रुपवर पिन करतो. सभासदांसाठी फार उपयुक्त माहिती आहे. यापुढे शैक्षणिक चर्चेला ग्रुपवर हरकत नाही.

पाटीलकाकू: बघा, पाण्याचा ग्रुप कसा लगेच शिक्षणाचा झाला.

ऋतुजाची आई: मग रोज असे प्रश्न करायचे का? चालू घडामोडींचं काय?

मुक्ता: रोज दहा, घड्याळ लावून. सुरुवातीला निम्मे चुकतात, माझे चुकायचे. चुकलेल्यापुढे एकच लिहायचं, मी तत्त्वातलं कुठलं वाक्य सोडलं? चालू घडामोडींसाठी जाडजूड पुस्तकं नकोत. रोज एक मराठी पेपर, एक इंग्रजी. इंग्रजीतला अग्रलेख मोठ्याने वाचायचा, अडलेल्या शब्दांवर न थांबता पुढे जायचं आणि त्यातले पाच वहीत लिहायचे. प्रश्न मराठीतूनही दिसतात, पण सराव दोन्हीत करा. "अपकृत्य" (दुसऱ्याचं नुकसान करणारी चूक) हा शब्द मी परीक्षेत पहिल्यांदा पाहिला आणि अर्धा मिनिट तसाच गेला. टॉर्ट म्हटलं असतं तर कळलं असतं.

ऋतुजाची आई: क्लास?

मुक्ता: मी लावला नव्हता, मैत्रिणीने लावला होता. दोघी एकाच वर्गात आहोत. सराव परीक्षा मात्र हव्यात, कॉम्प्युटरवर. पण काकू, खरं सांगू? अभ्यासापेक्षा मला कागदपत्रांनी रडवलं. आमचं नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र ३१ मार्चला संपत होतं आणि लागतं ते प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं. ऐन प्रवेशाच्या वेळी बाबा सेतू केंद्रात रांगेत. दाखल्यावर आईचं नाव एक आणि मार्कलिस्टवर दुसरं, ते निराळंच.

ऋतुजाचे बाबा: आमचंही ओबीसी आहे. जातीचा दाखला आहे. पडताळणी केलेली नाही.

मुक्ता: बाबांना म्हणावं सोमवारी सकाळीच कामाला लागा. जात पडताळणीला वेळ लागतो. ऋतुजाचा अभ्यास ऋतुजा करेल, पण हे काम तुमचंच. डोमिसाइल काढलंय का तेही बघा. आणि प्रवेशाच्या वेळी कॉलेजांची यादी भरताना जे मनापासून हवं ते वर, मिळेल की नाही याचा हिशोब करून नव्हे. मी घाबरून घराजवळचं पहिलं टाकलं होतं. तेच मिळालं.

ऋतुजाचे बाबा: सोमवारी सुट्टी टाकतो.

पाटीलकाकू: गाईडसाठी जायला सुट्टी मिळाली, तर दाखल्यालाही मिळेल.

ऋतुजा, ९.४१: मुक्ताताई, त्या प्रश्नात एक राहिलं ना?

मुक्ता: काय गं?

ऋतुजा: सोसायटी सुटली. पण वॉचमन गाडी लावत होता ती कोणासाठी? ज्यांनी किल्ली दिली त्यांच्यासाठी. तेवढ्यापुरतं काम त्यांचंच होतं. मग भरपाई त्यांच्याकडे मागायला हवी होती का? पर्यायांत ते नव्हतं, म्हणून विचारतेय.

जोशी वकील: शाब्बास. स्वतःच्या कामासाठी गाडी दुसऱ्याच्या हाती दिली की देणारा सुटत नाही. ऋतुजाच्या आई, सीईटीचा फॉर्म भरा, बाकीचे नंतर बघू.

शिंदे: एक मिनिट. एक मिनिट. किल्ली कोणी दिली होती ते मी इथे लिहू का?

सेक्रेटरी: शिंदेसाहेब, वैयक्तिक विषय ग्रुपवर नको.

शिंदे: शैक्षणिक चर्चा आहे ही! गोखले, ऑनलाइन दिसताय. बोला की.

गोखले (बी-४०४), ९.४९: टँकर नक्की किती वाजता येणार आहे?